बाकी बरोबर आहे

"आधी त्या कोंबड्या हाकल," ओदील मला म्हणाली. "सुव्हाच्या लोकांना वाटेल, मी खुराड्यातून बोलतेय."

"खुराड्यातूनच बोलतेयस की," मी म्हटलं. "त्यात वाटायचं काय?"

ती हसली नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर नणंदबाई दोन शब्द तरी परत फेकते. त्या दिवशी तिचं सगळं लक्ष हातातल्या फोनवर होतं. आमच्याकडे फोनला रेंज मिळते ती फक्त अंगणातल्या नीरफणसाखाली, आणि झाड तर फळांनी लगडलेलं. वरून एखादं पिकलेलं फळ डोक्यात पडलं असतं तर मुलाखत तिथेच आटोपली असती. म्हणून एका हाताने कोंबड्या हाकलायच्या आणि दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावर घमेलं धरायचं, अशी दोन कामं माझ्या गळ्यात पडली होती. पलीकडे चुलीच्या खोपटापाशी माझे सासरे खवणीवर बसून लापलापसाठी, म्हणजे पानात भाजायच्या कंदाच्या लगद्यासाठी, नारळ खवत होते.

"बस तरी खाली," मी म्हटलं. "उभ्याने कोण मुलाखत देतं?"

"मला बसवत नाही."

हे मात्र खरं होतं. महिनाभर तिने एका जागी बूड टेकलं नव्हतं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, चटया काढून उन्हात टाकायची, उचलायची, पुन्हा टाकायची. शाळेत म्हणे वर्गातले बाक दर दिवशी वेगळे मांडायची. कारण साधंच होतं, पण तिच्या जिवाला घोर लावणारं. सरकारने तिला पुढे शिकायची शिष्यवृत्ती दिली होती. शिक्षकांसाठीचं एम.ए. करायचं. फ्रेंच कशी शिकवावी याचं करायचं तर समुद्रापार नुमेआला, इंग्रजी कशी शिकवावी याचं करायचं तर सुव्हाला. दोन्हींपैकी एकच. नुमेआने तिची आजवरची नोकरी बघून मुलाखतही न घेता होकार कळवला होता. सुव्हाचं काही खरं नव्हतं. आणि ओदीलला हवं होतं सुव्हा.

आमच्या बेटावरची लुगनव्हिलची शाळा दोन तोंडांची आहे. मैदानाच्या एका बाजूला फ्रेंचचे वर्ग, दुसऱ्या बाजूला इंग्रजीचे, मध्ये व्हॉलीबॉलचं जाळं. ओदील उभं आयुष्य फ्रेंच बाजूला शिकवत आली. मग इंग्रजीचा मास्तर ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेला आणि परत आलाच नाही, तेव्हा ओदीलला मैदान ओलांडून तिकडचे वर्गही घ्यावे लागले. लोक म्हणाले, बिचारीवर दुप्पट भार पडला. मी रोज तिचा डबा भरणारी बाई. मला ठाऊक आहे. ज्या दिवशी इंग्रजीचा तास असायचा, त्या दिवशी ती सकाळी गुणगुणत वेणी घालायची.

फोन वाजला, ओदीलने स्पीकर लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज जाडा आणि मायाळू. आणि कुणी एक गृहस्थ मधूनमधून खाकरत होते. ओदील छान बोलली. मी सहावीपर्यंत इंग्रजी शाळेत गेलेली, त्यामुळे मला बरंचसं कळत होतं. मग बाईंनी विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं फ्रेंच शिकवलीत. मग आता इंग्रजीच का?"

या प्रश्नाचं उत्तर तिने घोकून ठेवलं होतं. भांडी घासताना, धुणं पिळताना मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतून उठवलं असतं तर मीच म्हणून दाखवलं असतं. दोन्ही बाजूंच्या मुलांना जोडणारा पूल वगैरे. पण ओदीलने तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. इंग्रजीत ती म्हणाली, "कारण मी इंग्रजी बोलले म्हणून माझ्या बापाने मला ठार मारलं."

मी घमेल्याखालून वाकून तिच्याकडे बघितलं.

तिला म्हणायचं होतं, बापाने मला मारलं. आमच्या बिस्लामात, म्हणजे बेटांवरच्या इंग्रजीतून घडलेल्या बोलीत, मारणं म्हणजे 'किलिम'. थोबाडीत दिली तरी किलिम, काठीने बडवलं तरी किलिम. जीवच घेतला असेल तर पुढे 'आणि मेला' असं जोडावं लागतं. इंग्रजीत मात्र तोच शब्द नेसून सवरून थेट स्मशानात जाऊन बसलेला. आमच्या प्रत्येक पोराची ही चूक होते. दर वर्षी निबंधात कुणाला आईने ठार मारलेलं असतं, कुणाला मास्तरने, कुणाला थोरल्या भावाने केळ्यावरून. "माझा अख्खा वर्ग भुतांनी भरलाय," असं ओदीलच वह्या तपासताना म्हणायची आणि लाल रेघ ओढायची. आणि आता इंग्रजीच्या मुलाखतीत तिचीच जीभ तिथे घसरली.

पलीकडचं खाकरणं थांबलं. मग बाई हळूच म्हणाल्या, "माफ करा, नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल?"

"माझ्या बापाने मला ठार मारलं," ओदील स्पष्ट, शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते."

आणि रेंज गेली.

मला हसू फुटलं. अगदी आवरेना. मग मी तिचा चेहरा बघितला आणि ओठ दाबून धरले. तिने फोन झाडाच्या बुंध्यापाशी धरला, वर धरला, झाडाला प्रदक्षिणा घातली. काही नाही. "मी काय बोलले, मेरेलिन?" तिने विचारलं. "मी तेच बोलले का, जे मी बोलले?"

"तेच."

"दोनदा?"

"दोनदा. दुसऱ्यांदा वयही सांगितलंस."

ती घरात गेली, लगेच बाहेर आली, पुन्हा आत गेली. मी खोपटाकडे वळले तर सासऱ्यांचा हात खवणीवर तसाच चालू होता, पण वाटीत खोबरं उरलं नव्हतं. ते नुसती करवंटी खरवडत होते. त्यांना इंग्रजी येत नाही. पण बाप आणि मारणं हे दोन शब्द इंग्रजीत आणि बिस्लामात इतके जवळचे की कुणालाही कळावेत. त्या दिवशीच्या लापलापमध्ये काळी कचकच आली. तिघांनी ती तशीच खाल्ली.

त्या माराची गोष्ट मला लग्न होऊन या घरात आले तेव्हाच ओदीलने सांगितली होती. तेव्हा बेटांवर दोन सरकारं होती, एक फ्रेंचांचं, एक इंग्रजांचं, आणि शेवटी कुणाचं राज्य राहणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मग शहाणे बाप काय करायचे, तर एक पोर फ्रेंच शाळेत घालायचे आणि एक इंग्रजी. कुणीही जिंको, घरातलं एक माणूस जिंकणाऱ्याच्या बाजूला असायला हवं. माझ्या सासऱ्यांनी तेच केलं. थोरली ओदील फ्रेंच मिशनकडे, धाकटा रॉबसन, म्हणजे माझा नवरा, इंग्रजी शाळेत. कुणी कुठे जायचं हे पोरांना विचारायची पद्धत नव्हती.

पण ओदीलला भावाची शाळा आवडायची. संध्याकाळी तो तिला शाळा-शाळा खेळवायचा. तो आत मास्तर होऊन बसायचा, ती दाराबाहेर उभी राहून परवानगी मागायची. एकदा ती अशीच दारात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मे आय कम इन, सर?" आत रॉबसन नव्हता. आत चटईवर मिशनचे फ्रेंच पाद्री बसले होते, शेजारी बाप. बाप उठला आणि त्याने तिच्या कानाखाली अशी लगावली की ती उंबऱ्यावरून अंगणात पडली. रॉबसन मागच्या दाराने पसार झाला. त्या दिवसापासून ओदीलने घरात इंग्रजीचा शब्द उच्चारला नाही. घरात आम्ही गावची बोली बोलतो, नाहीतर बिस्लामा.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांबरोबर याम कंदाच्या मळ्यात गेले होते. माझ्या पोटात काही राहत नाही. वेल बांधता बांधता मी विचारलं, "पापा, तुम्ही तिला त्या वेळी का हो मारलंत?"

मला वाटलं, काठी उगारतील. पण ते दोरी वळत राहिले. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "पाद्री बसला होता."

"म्हणजे पाद्र्याला दाखवायला मारलंत?"

"इंग्रजी शिकणारं पोर ते मिशनच्या शाळेत ठेवत नसत. तो तिला काढणार होता. त्याच्या डोळ्यांत दिसलं मला. मी मारलं, मग तो म्हणाला, असू दे, लहान आहे."

"मग जरा हलक्या हाताने मारायचं."

"हलक्या हाताने मारलं असतं, तर त्याला पटलं नसतं."

"हे तिला सांगितलंत कधी?"

"बापाने पोरीला काय सांगायचं?" ते म्हणाले आणि पुढच्या वेलाकडे गेले. पुरुषांचं हे एक मला कधी कळलं नाही. जे सांगायचं ते सांगायचं नाही आणि सगळ्या जगाने ते ओळखावं अशी अपेक्षा.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक फिलिबेर आले. फिलिबेर फ्रेंच बाजूचे, ओदीलचे मिशनच्या शाळेतले सोबती. बगलेत लांब पाव घेतल्याशिवाय ते कुणाच्या दारात पाऊल टाकत नाहीत. पाव माझ्या हातात देऊन ते ओदीलकडे वळले.

"नुमेआला हो म्हणून कळवायचं ना? सोमवारी मला मंत्रालयात सांगायचंय."

"सुव्हाचं अजून कळलं नाही."

"सुव्हाला तू जे दिवे लावलेस ते अख्ख्या बाजारात पसरलंय. मेरेलिनच्या तोंडात काही राहतं का?"

मी पावाकडे बघत राहिले. बाजारात मी फक्त माझ्या बहिणीलाच सांगितलं होतं.

"ओदील," फिलिबेर आवाज खाली आणून म्हणाले, "थट्टा राहू दे. आपल्याकडे वरच्या वर्गाला फ्रेंच शिकवणारी तू एकटी. तू फ्रेंचचं एम.ए. होऊन आलीस तर तोवर कसाबसा चालवून तो वर्ग राखता येईल. तू तिकडची होऊन आलीस, तर तो वर्ग बंद. ती पोरं कुठे जातील? तुझ्यासारखीच आहेत ती. त्यांनाही कुणी विचारून नाही घातलं इकडे."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम टाकलं होतं आणि ते बरोबर लागलं. ओदील खिडकीपाशी गेली, परत आली. "मला माहीत आहे ते," ती म्हणाली. "रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पण फिलिबेर, आजवर मला एकदाही कुणी विचारलं नाही की तुला काय शिकायचंय. आता सरकार विचारतंय, आणि तरीही मी तेच सांगू का, जे बापाने सांगितलं होतं?"

"हा हट्ट आहे."

"असेल. लहानपणी करायचा राहून गेला."

शुक्रवारी रॉबसनचा फोन आला, तो परदेशात द्राक्षांच्या मळ्यावर कामाला आहे. नीरफणसाखाली घमेलं डोक्यावर घेऊन आम्ही दोघी उभ्या. "ताई, तू इंग्रजीचं घे बघ," तो म्हणाला. "नाहीतर मी शिकून काय उजेड पाडला? द्राक्षांच्या खोक्यांवरची नावं वाचतो आणि 'येस बॉस' म्हणतो. पापाने दोन घोड्यांवर पैज लावली, त्यातला इंग्रजीचा घोडा इथे मळ्यात जुंपलाय." तो हसला. ओदीलही हसली. मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी पळून गेलो गं." ओदील म्हणाली, "तू सात वर्षांचा होतास. फोन मेरेलिनला देते, तिला तुला शिव्या घालायच्यात." मी घातल्या. तो घरी यायची तारीख पुन्हा पुढे ढकलत होता.

सुव्हाच्या बाईंचा फोन शनिवारी आला, दुपारच्या वेळी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. मी धावत घमेलं आणलं. ओदीलने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची लाइन गेली आणि आम्ही दोघं घाबरून गेलो. मग माझ्या सहकाऱ्यांनी मला समजावलं. ते सॉलोमन बेटांचे आहेत. त्यांच्याकडेही मारण्याला हाच शब्द आहे म्हणे." मागे ते गृहस्थ खाकरले, बहुतेक हसले. "तर तुमची हरकत नसेल तर आपण तिथूनच पुढे जाऊ. ते वाक्य तुम्हाला दुरुस्त करायचंय का?"

 मी तिला कोपराने ढोसलं. सांग ना, बाई, सांग, चापट मारली होती म्हणून. दर वर्षी शंभर पोरांना दुरुस्त करून देतेस.

"व्याकरण चुकलंय," ओदील म्हणाली. "बाकी बरोबर आहे."

त्यानंतर त्या तिघांचं पुष्कळ वेळ चाललं. हात दुखायला लागला म्हणून मी घमेलं माझ्याच डोक्यावर ठेवलं. शेवटी बाईंनी जागा पक्की असल्याचं सांगितलं तेव्हा ओदील नुसतीच मान हलवत राहिली, फोनवर मान दिसत नाही हे तिच्या लक्षातच आलं नाही. "हो म्हण!" मी ओरडले. ती हो म्हणाली.

सोमवारी ती फिलिबेरना सांगायला गेली. त्यांनी ऐकून घेतलं, ठीक आहे म्हणाले, मंत्रालयात कळवलंही. त्या संध्याकाळी ते आमच्या दारावरून गेले, बगलेत पाव होता. आत आले नाहीत. ओदील दारातच होती. ते दिसेनासे होईपर्यंत ती बघत राहिली आणि मग तिने झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं. वरचा फ्रेंच वर्ग पुढच्या सत्रापासून बंद होणार असं ठरलं. त्या पोरांपैकी दोघीजणी घरी येऊन तिच्या गळ्यात पडून रडल्या. त्या गेल्यावर ओदील मला म्हणाली, "मी चांगलं केलं की वाईट, मला खरंच कळत नाही." मला तरी कुठे कळत होतं? मला एवढंच दिसत होतं की ती गेल्यावर म्हाताऱ्याचं सगळं माझ्या एकटीवर येणार. तसं मी तिला तोंडावर म्हटलंही. माणसाने मनात ठेवून कुढू नये.

पापांना मात्र तिने तोवर सांगितलं नव्हतं. मग एका रात्री जेवताना सांगितलं, गावच्या बोलीत, खाली मान घालून. "पापा, मी सुव्हाला जातेय. इंग्रजीचं शिकायला."

त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. ताट बाजूला सरकवलं. काठी उचलली आणि बाहेर गेले. त्यानंतर ते तिच्याशी बोललेच नाहीत. सकाळी उठून मळ्यात जायचे ते संध्याकाळी कावाचं गुंगीचं पेय पिऊनच परतायचे. ओदील वाट बघत जागी असायची. ते सरळ आपल्या चटईवर आडवे व्हायचे. "मार म्हणावं पुन्हा," ती एकदा चिडून म्हणाली. "मारलेलं परवडलं. हे असलं गप्प बसणं नको."

"बोलतील," मी म्हटलं. पण मलाही खात्री नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी तिच्या खोलीत बॅग भरत होतो. म्हणजे भरत मी होते. ती भरलेलं काढून पुन्हा दुसरीकडे ठेवत होती. झालरीचे झगे किती न्यायचे यावर आमचं भांडण चाललं होतं. "चार बस झाले," ती म्हणाली. "चारात तू लोकांना वर्षभर तोंड दाखवणार?" मी म्हटलं. पलंगावर कपड्यांचा ढीग, खुर्चीवर पुस्तकं, पाय ठेवायला जागा नाही.

बाहेर प्रवाळाच्या खडीवर काठीचा आवाज आला. या वेळी ते मळ्यात असतात. आवाज दाराशी येऊन थांबला. आमच्या खोल्यांना दारं नाहीत, कापडी पडदे आहेत, जमिनीपासून वीतभर वर. खाली पापांचे पाय दिसत होते. भेगाळलेले, पण स्वच्छ धुतलेले.

काठी भिंतीला टेकली. मग पडद्यामागून, एकेक शब्द जपून उचलून ठेवावा तसा, म्हाताऱ्याचा आवाज आला.

"मे आय... कम इन... सर?"

ओदीलच्या हातातला झगा हातातच राहिला.

तिने ज्या सुरात म्हटलं असेल त्याच सुरात ते म्हणाले होते, शेवटचा शब्द लहान पोरासारखा वर चढवून. इतकी वर्षं त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं सांभाळलं होतं, 'सर' सकट. मुलीला कुणी सर म्हणत नाही हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्या वाक्यातलं 'कम' तेवढं आमच्या बिस्लामात आहे. बाकीचं त्यांनी अर्थाशिवायच जपलं होतं.

ओदीलने पुढे होऊन पडदा सरकवला. पापा टोपी काढून छातीशी धरून उभे होते. डोळे मिटलेले. मान किंचित एका बाजूला वळलेली. त्या वाक्यानंतर कानाखाली काय येतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"येस," ओदील म्हणाली. मग पुन्हा मोठ्याने म्हणाली. "येस, पापा. कम इन."

ते हलले नाहीत. तेव्हा तिने त्यांचा हात धरला, उंबऱ्यावरून आत घेतलं, पलंगावरचा कपड्यांचा ढीग दोन्ही हातांनी जमिनीवर लोटला आणि त्यांना बसवलं. मग इतके दिवस कुठेही न बसलेली ओदील त्यांच्या शेजारी बसली.

कोंबड्या हाकलून येते, असं सांगून मी बाहेर पडले. अंगणात एकही कोंबडी नव्हती.